टोचन

दोर नको, म्हणाला श्रावण कोडापे,
दोराले ओढता येते, थांबवता येत नाही.
त्याचा दहाचाकी रिकामा उभा होता
आणि सरकीच्या गोदामात, एकवीस वर्षं
कोंबड्यांनी अंडी घातलेली जोंगा,
लष्करी हिरव्यावर कुणीतरी फासलेला पिवळा,
पिवळ्यावर गंज.

तिफणीच्या दोन दांड्या जुवाजवळ भेटतात
तसा लोखंडी रॉड. अंगठ्याएवढी पिन, पिनेला क्लिप.
खाली दोन साखळ्या, कैचीत ओलांडलेल्या.
रॉड निसटलाच तर रस्त्यात रुतू नये,
वेचणारीच्या ओटीत कापूस पडतो तसा
साखळ्यांत पडावा.

मी पाठीवर सरपटत आत गेलो, शाफ्ट सोडला.
आठ नट. पाच सुटले, तीन छन्नीनं.
आत तेलाचा थेंब नाही,
अशा गिअरबॉक्सला वाटभर फिरवायचं नसतं.
ट्रकची वायर लांबवून मागे दोन बल्ब बांधले.
श्रावणनं डावा दिला, उजवा पेटला.
तारा बदलल्या. पुन्हा.

मालक सव्वालाखे, संत्र्यावाले,
त्यांना स्टिअरिंगवर बसून आर्वीत शिरायचं होतं.
बसा, म्हणाला श्रावण. फोटो काढा. आता उतरा.
माझ्या मागच्या गाडीत माणूस नाही बसत.

पुलगाव सुटलं. कडेनं बंद छोट्या रेल्वेचे रूळ
बाभळीत शिरत होते, बाहेर येत होते.
काटा पस्तिशीवर. एक सायकलवालासुद्धा
आमच्याकडे दयेनं पाहून गेला.
श्रावण आरशातून नजर हलवत नव्हता.
मांगं वजन हाय हे आपण इसरलो
का वजनच याद करून देते.

विरूळला थांबून चारी हब तपासले,
उलट्या हातानं, पोराचा ताप पाहावा तसे.
डावं पुढचं तापलेलं. त्यात ग्रीस भरेपर्यंत
पानठेल्यावरची माणसं भोवती जमली.
कोणत्या लढाईतली होय?
एकाहत्तरची, म्हणाले सव्वालाखे, आणि छाती काढली.

मी सीटखालची वही पाहिली होती,
उंदरांनी कडेनं खाल्लेली.
डेपो ते बाजार. डेपो ते स्टेशन.
पत्ताकोबी, बटाटे, रॉकेल.
एकदा, रात्री दोनला, एका हवालदाराची बायको,
कळा सुरू झालेली. पुढे दोन ओळी कोऱ्या.
बोलू नये ते मी बोललो.
पानठेलेवाला जरा हिरमुसला,
मग चुना मळत म्हणाला,
तवा बटाटे काय भाव होते, लिहेल हाय का?

रोहण्याच्या अलीकडे उतार.
श्रावणनं माथ्यावरच खालचा गिअर टाकला,
ब्रेकवरचा पाय उचलून ठेवला.
साखळ्या किणकिणल्या. मागून एक धक्का,
वासरू ढुशी देतं तेवढा.
आणि खाली, पुलाच्या तोंडाशी,
कापसाची ट्रॉली एकाएकी उभी.
सहा गाड्यांचं अंतर राखलं होतं आम्ही.
साडेचार वापरलं.
कुणी काही बोललं नाही.
सव्वालाखेंनी खिशातला फोन काढला,
पाहिला, परत ठेवला.

बागेत पोहोचलो तेव्हा उजेड गेलेला.
उतरवायची घाई पोरांना होती.
आधी दगड, ओरडला श्रावण, मग पिन.
मी चाकांपुढं दोन दगड सारले,
त्यानं क्लिप काढली, पिन ठोकून वर घेतली,
रॉड जमिनीवर टेकवला.
ट्रक वीतभर पुढं सरकला.

आणि जोंगा, शाफ्ट नसलेली, तेल नसलेली,
जराशी हलली.
चार बोटं. फार तर पाच.
दगडाला टेकून थांबली.
अंधारात सगळे तिच्याकडे पाहत राहिले.
हबवर मी पुन्हा हात ठेवला,
गरज नव्हती तरी.